उसने घेतलेले राष्ट्रीयत्व : रिचर्ड बर्टनच्या हजवर्णनाचा पुनर्विचार

परक्या मुलखात प्रवाशाने आपले राष्ट्रीयत्व लपवावे की लपवू नये, हा प्रश्न प्रवासवर्णनाच्या अभ्यासात बहुधा धाडसाच्या सदरात टाकला जातो. नाव बदलले, पोशाख बदलला, जन्मगाव बदलले आणि जिथे प्रवेश नाही तिथे जाऊन प्रवासी जिवानिशी परत आला, एवढ्यावर वाचक खूश असतो. पकडले जाण्याचा प्रसंग आला की वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो प्रवाशासाठी. ज्यांच्या घरी तो जेवला आणि ज्यांच्या शब्दावर त्याला दारे उघडली, त्यांच्यासाठी नव्हे. कथनाची रचनाच अशी असते की फसवणारा आपला वाटतो आणि फसलेले पार्श्वभूमीला राहतात. या दृष्टीने ज्या ग्रंथाची तपासणी सर्वांत फलदायी ठरते, तो ग्रंथ म्हणजे रिचर्ड फ्रान्सिस बर्टनने १८५३ साली केलेल्या मदिना-मक्केच्या यात्रेचे, १८५५-५६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेले वर्णन.

बर्टन हा आपल्या भागाला अगदीच अनोळखी माणूस नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत तो १८४२ साली दाखल झाला आणि १८ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीबरोबर बडोद्यास राहिला. हिंदुस्थानी आणि गुजरातीबरोबर मराठीची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. पुढे सिंधमध्ये सर चार्ल्स नेपियरच्या कारकिर्दीत कालव्यांच्या पाहणीवर असताना त्याने बुशहरचा मिर्झा अब्दुल्ला हे सोंग प्रथम वठवले. अर्धा इराणी, अर्धा अरब असा हा कापडाचा व्यापारी. हे मिश्रण सोयीचे होते, कारण उच्चारात काही चुकले तर दोष दुसऱ्या अर्ध्या भागावर ढकलता येत असे. १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर तो गोव्याला गेला, पण तिथे मात्र उघड इंग्रज अधिकारी म्हणून. १८५१ साली निघालेले त्याचे गोव्यावरील पुस्तक वाचले की तिथल्या मिश्रवंशीय ख्रिस्ती समाजाविषयीची त्याची भाषा किती उर्मट आहे हे ध्यानात येते. वेष न बदलता केलेल्या प्रवासाचे हे पुस्तक अधिक उथळ आहे, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे. वेषांतराविरुद्धचा युक्तिवाद वाटतो तितका सरळ नाही, तो यामुळेच.

हजच्या प्रवासाला पाठबळ होते ते लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे. अरबस्तानचा अज्ञात अंतर्भाग ओलांडण्याची मूळ योजना होती. कंपनीने तीन वर्षांची रजा नाकारली आणि अरबी भाषेच्या अभ्यासाच्या नावाखाली एक वर्षाची दिली. एप्रिल १८५३ मध्ये बर्टन इंग्लंडहून निघाला तो इराणी मिर्झा म्हणूनच. इजिप्तमध्ये आल्यावर त्याने दरवेशाचा वेष घेतला आणि जोडीला वैद्यकी सुरू केली. दरवेश का, याचे उत्तर तो मोकळेपणाने देतो. फकिराला कोणी कूळ-मूळ विचारत नाही, त्याने नियम मोडले तरी लोक चालवून घेतात आणि नको असेल तेव्हा तो गप्प बसू शकतो. कैरोच्या वखारीत त्याला हाजी वली नावाचा व्यवहारी मित्र भेटला. त्याने सांगितले की इराणी म्हणून हिजाजमध्ये जाणे म्हणजे शिया म्हणून जाणे. इजिप्तमध्ये शिव्या खाव्या लागतील, अरबस्तानात मार बसेल आणि प्रत्येक ठिकाणी जास्तीचे पैसे मोजावे लागतील. बर्टनला हे पटले आणि त्याने दुसरे राष्ट्रीयत्व घेतले. आता तो पठाण झाला. आई-वडील अफगाण, जन्म हिंदुस्थानातला आणि शिक्षण रंगूनचे.

ही वंशावळ नीट न्याहाळण्यासारखी आहे. पठाण म्हटल्यावर धिप्पाड बांधा आणि उजळ रंग खपून जातो. हिंदुस्थानात जन्म म्हटल्यावर पश्तूतील आणि फारसीतील कच्चेपणा माफ होतो. रंगूनचे शिक्षण म्हटल्यावर हिंदुस्थानीतला वेगळा लहेजाही कोणाला खटकत नाही, कारण रंगूनला जाऊन आलेला माणूस हाजींच्या तांड्यात सहसा सापडायचा नाही. म्हणजे बर्टनने राष्ट्रीयत्व नुसते लपवले नव्हते. त्या जागी त्याने दुसरे एक बसवले होते आणि ते निवडताना एकच कसोटी लावली होती, की ते तपासता येऊ नये.

ही युक्ती त्याची एकट्याची नव्हती. त्याच्या चाळीस वर्षे आधी योहान लुडविग बुर्खार्ट हा स्विस प्रवासी शेख इब्राहिम या नावाने सीरिया-हिजाजमध्ये फिरला. १८१२ मध्ये पेट्राचे अवशेष पाहून त्यांची माहिती युरोपला देणारा आणि १८१४ मध्ये मक्केत राहिलेला हाच गृहस्थ. सीरियाकडे जाताना तो स्वतःला हिंदुस्थानी मुसलमान व्यापारी म्हणवून घेत असे. सोबत्यांनी हिंदुस्थानी बोलून दाखव म्हटल्यावर त्याने आपल्या गावाकडची खेडवळ जर्मन बोली ऐकवली आणि ऐकणाऱ्यांचे समाधान झाले. किस्सा हसण्याजोगा आहे खरा. पण त्यात हिंदुस्थानी मुसलमान कोणत्या कामी आला, तेही पाहावे. तो इतका दूरचा, इतका अपरिचित, की त्याच्या नावावर कोणतीही भाषा, कोणतीही विसंगती खपवता यावी. बुर्खार्ट १८१७ मध्ये कैरोत वारला आणि मुसलमान म्हणूनच दफन झाला. त्याच्या श्रद्धेचा खरेखोटेपणा हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे. परंतु त्याचे हिंदुस्थानीपण निव्वळ उसने होते, याविषयी वाद नाही.

उसन्या राष्ट्रीयत्वाची किंमत बर्टनला स्वतःला अलेक्झांड्रियात मोजावी लागली आणि ग्रंथातील अत्यंत बोलकी पाने तिथली आहेत. हिंदुस्थानी म्हणून प्रवास करायचा तर कागद हवा. इंग्रज वकिलातीतून त्याने अब्दुल्ला नावाचा, वैद्यकीचा धंदा करणारा, तीस वर्षे वयाचा इंग्रजांचा हिंदी प्रजाजन असा दाखला मिळवला आणि त्यासाठी एक डॉलर भरला. मग सहीशिक्क्यांसाठी एका कचेरीतून दुसरीत हेलपाटे, शिपायांची अरेरावी, ताटकळणे. एवढा खटाटोप करूनही कैरोला पुढच्या परवान्याचा प्रश्न उभा राहिलाच आणि तो सुटला तो अझहरमधील अफगाण विद्यार्थ्यांच्या विभागप्रमुख शेखांनी त्याच्यासाठी शब्द टाकला तेव्हा. बर्टन या साऱ्यावर संतापतो. हिंदी प्रजाजनाकडून असे पैसे घेणे इंग्लंडला शोभत नाही, असेही त्याला वाटते. वेष बदलल्यामुळे एका इंग्रज अधिकाऱ्याला आपल्याच सरकारचे दार बाहेरच्या बाजूने दिसले, हा वेषांतराचा खरा लाभ म्हटला पाहिजे. पण तो तिथेच थांबतो. आपल्याला आठवडाभर जे सोसावे लागले ते ज्यांना जन्मभर सोसावे लागते, त्यांचाच दाखला आपण वापरतो आहोत, हा विचार त्याच्या लेखणीतून उतरत नाही. अफगाण शेखांनी आपल्या देशबांधवाला मदत केली होती. तो देशबांधव नव्हता, हे त्यांना कधी समजले असेल तर पुढच्या वाटसरूला त्यांनी काय उत्तर दिले असेल, हाही प्रश्न ग्रंथात उमटत नाही.

सुएझचा प्रसंग या प्रश्नाला अधिक जवळ नेतो. तिथे बर्टनभोवती मदिना-मक्केच्या वाटसरूंचा मेळा जमला होता. मदिनेचे शेख हमीद, उमर एफेंदी, साद आणि मक्केचा तरुण मुहम्मद अल-बस्यूनी ही त्यातली प्रमुख मंडळी. बर्टनने त्यांना थोडेथोडे कर्ज दिले होते. पैसा आणि मैत्री यांची सरमिसळ त्याने समजून-उमजून केली, असे तो आडपडदा न ठेवता लिहितो. एके दिवशी त्याच्या सामानातले सेक्स्टंट या लोकांच्या दृष्टीस पडले. जागेचे अक्षांश काढायचे हे यंत्र दरवेशाच्या पेटीत कशासाठी? बर्टन बाहेर गेलेला असताना मुहम्मदने साफ सांगून टाकले की हा होऊ घातलेला हाजी म्हणजे हिंदुस्थानातला कोणी काफिर आहे. बाकीचे मुहम्मदवरच उलटले. उमर एफेंदीने बर्टनचे धर्मविषयक ज्ञान पाहिले होते आणि त्याने त्याचा निर्वाळा दिला. शेख हमीदनेही बाजू घेतली. बर्टनने ते यंत्र पुढच्या प्रवासातून काढून टाकले आणि आठवडाभर पाच वेळच्या नमाजात कसूर केली नाही.

अनेक वाचक हा उतारा सुटकेच्या आनंदाने वाचतात. परंतु दोन गोष्टी येथे नजरेतून निसटतात. पहिली अशी की मेळ्यातला सर्वांत तरुण मनुष्यच बरोबर होता आणि खरे बोलल्याबद्दल त्याला गप्प बसवले गेले. दुसरी अशी की संशयाचा रोख हिंदुस्थानकडे वळला. त्या काळी हिंदुस्थानातून दरसाल हजारो मुसलमान समुद्रमार्गे हजला जात. त्यांत गरीब फार. वाटखर्च संपलेले, मागून खाणारे, परतीचे भाडे नसलेले हिंदी हाजी बर्टनने स्वतः पाहिले आणि त्यांच्याविषयी लिहिले. हिंदुस्थानी दरवेश हा इंग्रजांचा माणूस असू शकतो, हा संशय एकदा रुजला की त्याचा जाच कोणाला होणार होता? बर्टनला नक्कीच नाही. त्याला जिद्द्याहून सुएझला जाणाऱ्या बोटीत पुन्हा साहेब होता येत होते.

मदिनेस तो २५ जुलैला पोहोचला, महिनाभर शेख हमीदच्या घरी राहिला आणि दमास्कसच्या काफिल्याबरोबर ११ सप्टेंबरला मक्केत आला. मक्केत त्याचा मुक्काम त्याच मुहम्मदच्या आईच्या घरी होता, ज्याने त्याला सुएझमध्ये ओळखले होते. काबा प्रथम दृष्टीस पडला त्या क्षणाचे वर्णन प्रसिद्ध आहे. आजूबाजूचे लोक भक्तीने रडत होते आणि आपल्या मनात मात्र बेत तडीस गेल्याचा अहंकार होता, अशी कबुली तो देतो. हा प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही. पुढे काबाच्या आत प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी रीतसर नाव विचारले, देश विचारला. उत्तरे समाधानकारक ठरली. आत त्याने एहरामच्या पांढऱ्या वस्त्रावर पेन्सिलीने आराखडा टिपला. नाव आणि देश हे दोन प्रश्न त्या दारात विचारले जातात ते कुतूहलापोटी नव्हे. तिथे मेहमानदारीचा आणि जबाबदारीचा करार होत असतो. त्या करारावर बर्टनने दुसऱ्याची सही केली होती.

शेवटी जिद्द्याला मुहम्मदने उरलेसुरले ताडले. साहेबाच्या व्यवहारावरून आणि त्याला एकाएकी मिळालेल्या पैशांवरून त्याने हिशेब जुळवला. निघून जाताना त्याने बर्टनच्या हिंदी नोकराला, शेख नूरला, सुनावले की तुझा मालक हिंदुस्थानातला साहेब आहे आणि त्याने आमच्या दाढ्यांची चेष्टा केली. बर्टन हे नोंदवतो. तीन खंडांच्या ग्रंथात यजमानांची बाजू थेट ऐकू येते ती इथेच आणि ती दोनचार ओळींत संपते.

बर्टनच्या बाजूने काय म्हणता येईल? बरेच म्हणता येईल. तो थट्टा करण्यासाठी गेला नव्हता. हजचे विधी, मशिदे-नबवीची रचना, मदिनेतील घरांचे रीतिरिवाज, काफिल्याची शिस्त यांची त्याने दिलेली तपशीलवार माहिती अभ्यासकांना आजही उपयोगी पडते आणि युरोपात रूढ असलेल्या कित्येक भ्रामक समजुती त्याने खोडून काढल्या. विल्यम गिफर्ड पॅलग्रेव्हने १८६५ मध्ये दरवेशाचे सोंग घेणाऱ्या प्रवाशांवर नैतिक टीका केली तेव्हा बर्टनने नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याला चांगलेच फैलावर घेतले. पॅलग्रेव्ह स्वतः कोण होता? इंग्रज, जेझुइट, फ्रेंच बादशहाच्या पैशावर आलेला आणि सीरियन वैद्याच्या वेषात हिंडलेला. हे उत्तर वादात बिनतोड आहे, पण त्याने सिद्ध होते ते इतकेच की टीकाकारही दोषी होता. आपण धर्मांतरित म्हणून उघडपणे का गेलो नाही, याचे बर्टनने दिलेले कारण जास्त महत्त्वाचे आहे. नवमुस्लिमावर लोक विश्वास ठेवत नाहीत, त्याच्यावर नजर ठेवतात, मोकळेपणाने काही सांगत नाहीत. म्हणजे ज्याला खरे ठाऊक आहे तो यजमान सावध राहतो. बर्टनला नेमकी ही सावधगिरी नको होती. पण ती यजमानाच्या हक्काची होती.

वेष घेणे ही अनिवार्य गरज होती, हा दावा कितपत टिकतो हे बर्टनच्याच पुढच्या प्रवासावरून समजते. १८५४-५५ मध्ये तो सोमाली किनाऱ्यावरून हरारला गेला. ते मुस्लिम शहर परक्यांना बंद होते. ख्रिस्ती मनुष्याचा पाय पडला तर शहर बुडेल अशी समजूतही प्रचलित होती. बर्टन निघाला अरब व्यापारी म्हणून. वाटेत त्याच्या ध्यानात आले की आपल्या रंगावरून लोक आपल्याला तुर्क समजताहेत आणि या मुलखात तुर्काचा द्वेष इंग्रजापेक्षा अधिक आहे. त्याने वेष टाकला आणि ३ जानेवारी १८५५ रोजी इंग्रज म्हणून हरारच्या वेशीत शिरला. दहा दिवस राहून सुखरूप परतला. अमीराला दाखवलेले एडनच्या इंग्रज अधिकाऱ्याचे पत्र मात्र त्याने स्वतःच लिहिलेले होते! खरे राष्ट्रीयत्व, खोटे पत्र. या प्रवासाचे वर्णन १८५६ मध्ये आले. हजवर्णनाशेजारी ते ठेवले की बर्टनच्या लेखी राष्ट्रीयत्व हे बाजारभावाप्रमाणे चढउतार होणारे चलन होते, हे उघड होते. स्वस्त असेल तेव्हा लपवावे, वधारले की खिशातून काढावे. ज्याला असा एकच देश असतो आणि तोही हिणवला जातो, त्याला हा व्यवहार करताच येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण चार्ल्स डाउटीचे. १८७६ च्या नोव्हेंबरात तो दमास्कसच्या हज काफिल्याबरोबर मदाइन सालिहपर्यंत गेला आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे अरबस्तानात भटकला. पोशाख अरबी, नाव खलील, पण आपण ख्रिस्ती आणि इंग्रज आहोत हे त्याने लपवले नाही. त्याने मार खाल्ला, लुटला गेला, गावोगावी हाकलला गेला. मक्केच्या जवळ एकाने त्याच्यावर सुरा उगारला. अखेर शरीफांनी त्याला ताइफमध्ये ठेवून घेतले आणि ऑगस्ट १८७८ मध्ये जिद्द्याला पोहोचते केले. आता सत्यवचनी डाउटी श्रेष्ठ आणि सोंगाड्या बर्टन कनिष्ठ, असा सोपा निवाडा करावा, तर १८८८ साली निघालेला डाउटीचा ग्रंथ आड येतो. इस्लामविषयी त्याची भाषा कमालीची कडवट आहे. सहानुभूतीने पाहण्यात बर्टन त्याच्या कितीतरी पुढे आहे. गोव्याच्या पुस्तकाची आठवण इथे ठेवली पाहिजे. उघडपणे फिरलेल्या बर्टनपेक्षा वेष बदललेला बर्टन अधिक लक्षपूर्वक ऐकतो, कारण ऐकण्यात चूक झाली तर जीव जाण्याची भीती आहे.

तेव्हा ग्रंथ किती न्याय्य आहे आणि व्यवहार किती न्याय्य होता, ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. डाउटीला ज्या बदूंनी खजूर आणि दूध दिले, त्यांना आपण कोणाला खाऊ घालतो आहोत हे माहीत होते. काहींनी त्याला हाकलले, काहींनी शेजाऱ्यांचा रोष पत्करून आसरा दिला. ती निवड त्यांची होती, म्हणून त्या मेहमानदारीला मोल आहे. शेख हमीदला अशी निवड करण्याची संधीच मिळाली नाही. कदाचित त्याने सारे समजूनही दार उघडले असते. ते कळण्याचा मार्ग बर्टनने बंद केला.

यजमानाचे नुकसान कोणत्या थराला जाऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. बोलोन्याचा लुडोविको दी वार्थेमा १५०३ मध्ये ममलूक शिपाई बनून मक्केला गेला. पुढे एका इराणी व्यापाऱ्याच्या सोबतीने हिंदुस्थानात उतरला. चौल, दाभोळ, गोवा, विजापूर यांची वर्णने त्याच्या पुस्तकात आहेत. त्या व्यापाऱ्याने त्याच्यावर भावासारखा विश्वास टाकला होता. कालिकतला धर्मनिष्ठ मुसलमानाचे सोंग पुरेसे वठवल्यावर वार्थेमा कण्णूरच्या पोर्तुगीजांना जाऊन मिळाला, कालिकतच्या तयारीची बातमी त्यांना दिली आणि त्यांच्या बाजूने लढला. त्याचे पुस्तक रोममध्ये १५१० साली छापून निघाले. त्याच वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतला.

तिबेटात हेच अधिक रक्तरंजित झाले. कुमाऊंमधील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग यांना सर्व्हे ऑफ इंडियाने बशहर-लडाखकडचा व्यापारी बनवून ल्हासाला धाडले. १८६६ च्या जानेवारीत ते तिथे पोहोचले. १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ घेऊन पावले मोजण्याची त्यांची हिकमत सर्वश्रुत आहे. ल्हासातल्या दोन काश्मिरी वंशाच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले, खरे काय ते वदवून घेतले, पण ते गुपित कोणाला सांगितले नाही. वर घड्याळ गहाण ठेवून घेऊन अडीअडचणीला पैसेही दिले. सत्य कळल्यावरही यजमान दार उघडे ठेवू शकतो, याचा हा पुरावा आहे. दार्जिलिंगच्या शाळेचे मुख्याध्यापक शरच्चंद्र दास १८८१-८२ मध्ये तिबेटात गेले. त्यांचा इंग्रज सरकारशी असलेला संबंध गुप्त होता. त्यांना आसरा देणाऱ्या सेंगचेन लामांना ही गोष्ट उघड झाल्यावर काही वर्षांनी नदीत बुडवून मारण्यात आले. दासांना पुढे मानसन्मान मिळाला. जपानी भिक्षू एकाई कावागुची १९०१ मध्ये चिनी बनून ल्हासात राहिले. ओळख फुटताच ते निसटले आणि मागे त्यांचे स्नेही तुरुंगात पडले. मग कावागुचींनी एक वेगळी गोष्ट केली. ते नेपाळला गेले आणि आपल्या यजमानांच्या सुटकेसाठी रदबदली करावी म्हणून महाराजा चंद्रशमशेर यांना भेटले. वेषांतर करून फिरलेल्या प्रवाशांच्या लेखनात असा मागे वळणारा पाय क्वचितच दिसतो.

या सगळ्यावरून राष्ट्रीयत्व कधीच झाकू नये, असा फतवा निघत नाही. भीती खरी असू शकते. ज्याच्या देशाचे त्या मुलखाशी युद्ध चालू आहे, ज्याला आपल्या नावामुळे जमाव घेरेल, त्याने गप्प राहणे यात गैर काही नाही. पण न सांगणे आणि दुसऱ्याचे सांगणे यात अंतर आहे. लखनौला जन्मलेले मिर्झा अबू तालिब खान १७९९ ते १८०३ या काळात युरोपात होते. लंडनच्या लोकांनी त्यांना इराणी राजपुत्र ठरवले. आपण तो किताब स्वतःहून कधी घेतला नाही, असे ते सांगतात. तो खोडून काढण्याचीही त्यांना घाई झाली नाही, हेही खरे. गैरसमजाचा लाभ घेणे आणि गैरसमज रचणे यांच्या मधल्या पट्ट्यात मिर्झासाहेब उभे आहेत आणि त्यांचा दोष सौम्य वाटतो, कारण त्यात तोटा झालाच तर तो लंडनच्या मेजवान्यांचा झाला.

पासपोर्टच्या काळात उसन्या राष्ट्रीयत्वाचा खर्च कोणावर पडतो हे अधिक स्पष्ट दिसते. काही अमेरिकन प्रवासी पाठीवरच्या पिशवीला कॅनडाचा झेंडा शिवून परदेशात फिरतात. इराकवरील २००३ च्या हल्ल्यानंतर या प्रथेची बरीच चर्चा झाली. यात विनोदाचा भाग मोठा आहे, तरी कॅनडाने मिळवलेली पत तेथे दुसराच कोणी खर्च करत असतो. जानेवारी २०१० मध्ये दुबईच्या एका हॉटेलात हमासचा पदाधिकारी महमूद अल-मबहूह याचा खून झाला तेव्हा मारेकऱ्यांनी ब्रिटिश, आयरिश, फ्रेंच, जर्मन आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट वापरल्याचे दुबई पोलिसांनी उघड केले. त्यातली काही नावे खऱ्या, जिवंत नागरिकांची निघाली आणि त्या निरपराध माणसांना एका खुनाच्या तपासात आपली नावे वाचावी लागली. ब्रिटनने त्या प्रकरणी एका इस्रायली मुत्सद्द्याची हकालपट्टी केली, कारण आपल्या नागरिकांचे राष्ट्रीयत्व परस्पर वापरले गेले, हा त्या सरकारचा आक्षेप होता. १८५३ च्या हिंदी हाजींच्या वतीने असा आक्षेप घेणारे सरकार कुठे होते? होते ते सरकार बर्टनचेच.

महाविद्यालयीन वर्गात प्रवासवर्णन शिकवताना बर्टनचा उतारा घ्यायचा झाला तर काबादर्शनाचे पान हाताशी येते, कारण ते भाषेच्या दृष्टीने समृद्ध आहे. त्याच्या जोडीला सुएझची खोली आणि जिद्द्याचा निरोप हे दोन प्रसंग ठेवले, तर विद्यार्थ्यांसमोर एकाऐवजी दोन माणसे उभी राहतील. त्यांतला एक पुढे सर रिचर्ड झाला. दुसरा, मक्केचा मुहम्मद, सतरा-अठरा वर्षांचा, बोलका, हट्टी, पैशाला चिकट आणि नजरेने तेज होता. त्याच्या आईने मक्केत त्या परक्याला घरात घेतले, जेवू घातले, आणि तो कोणत्या देशाचा हे त्याने स्वतः सांगितले तेवढेच तिला ठाऊक होते.